फिक्या दगडावरची रेघ

तोर्सहावनच्या धक्क्याजवळ, जिथे पूर्वी कॉड मासे खारवत,
त्या शेडमध्ये आता शिळाछापखाना आहे.
भिंतींना मिठाचा वास अजून येतो, धुकं असलं की जास्त.
बाहेर सगळं बेट काळ्या दगडाचं.
आत मात्र बव्हेरियाहून कधीकाळी बोटीनं आलेला
एक फिका दगड, सायीच्या रंगाचा,
चौघांनी उचलावा असा.

"हात लावू नकोस," सामल म्हणतो.
चाळीस वर्षं तो प्रत्येकाला हेच सांगतोय.
"कातडीला तेल असतं. दगडाला ते कळतं."
तूरी हात पाठीमागे बांधते, शाळेतल्यासारखे,
मग चरबीचा खडू घेते.

ती कशाचंच काही काढत नाही.
म्हणजे मेंढी नाही, होडी नाही, कडा नाही.
आधी एक फराटा, थेट खांद्यातून आलेला,
त्यावर बारीक टोचे, कोंबडीनं दाणे टिपावेत तसे,
मग एक लांब रेघ
जी मध्येच दचकते
आणि पुढे निघते ती जरा खालून.
"इथे काय झालं?"
"शिंक आली."

डिंक, आम्ल, ओला स्पंज.
तेलाचं आणि पाण्याचं भांडण जुनं;
हा धंदाच त्या भांडणावर चालतो.

सामलला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही.
सगळ्या गावाला ठाऊक आहे, कुणी बोलत नाही.
शाई तो कानानं ओळखतो:
रूळ काचेवर फिरतो, चर्र, चर्र,
घट्ट असली की कढईसारखी बोलते,
सैल झाली की गप्प.
रंगाचं मात्र विचारावं लागतं.
"कसलं तांबडं हवं?"
"बीट चिरल्यावर फळीवर उरतं ना, ते. दुसऱ्या दिवशीचं."
"म्हणजे तपकिरीकडे?"
"नाही. धुऊनही राहिलेलं."
तो सुरीच्या टोकावर काळं घेतो, तिळाएवढं,
आणि घोटतो, ती थांब म्हणेपर्यंत.
त्याला दिसतं ते एवढंच:
उजेड किती कमी झाला.

पहिला कागद उचलला.
सगळं उलटं. शिंक उजवीकडे गेलेली.
तांबडं बसलं होतं, तिच्या मनातल्याहून जरा जास्तच खरं.
आणि खाली कोपऱ्यात, कोऱ्या जागेत,
एक अंगठा.
वळणन्‌वळण स्पष्ट.

तूरीनं आपला अंगठा पाहिला. त्यावर गळाचा जुना व्रण आहे;
छापातल्या अंगठ्यावर नाही.
सामलनं स्वतःचा पाहिलाच नाही.
दुपारी त्यानं वाऱ्यावर सुकवलेलं मटण खाल्लं होतं,
चाकूनं कापत, उभ्याउभ्या, दगडाशेजारी.

"राहू दे की," ती म्हणाली.
"चूक आहे."
"शिंक पण चूकच होती."
"ती तुझी होती."

सहा कागद निघाले अंगठ्यासकट.
सातव्याआधी त्यानं झामा भिजवला
आणि खरवडून काढला तो, तिच्याकडे न बघता.

संध्याकाळी दगड घासायचा.
नियम असा, की ज्यानं काढलं त्यानंच पुसायचं.
रेती, पाणी, वर जड लोखंडी चकती,
आणि हातानं इंग्रजी आठ गिरवायचा,
पुन्हा पुन्हा, पाटीवर गिरवतात तसा;
फक्त इथे गिरवून अक्षर येत नाही,
जातं.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती बाहेर असेल,
कड्यांवर. लाटांना विचारावं.
इथली रेघ दोनशे आठांत बारीक झाली,
तीनशेंत सावली,
मग दगड ओला असताना दिसते
वाळल्यावर नाही, अशी.
खांदा भरून आला होता. त्याच खांद्यातून तो फराटा निघाला होता.

लगद्याचं पाणी मोरीकडे निघालं.
सामल दारात, फडक्याला हात पुसत,
अंगठा जरा जास्तच वेळ.
"कसलं आहे?" त्यानं पाण्याकडे बोट केलं.
तूरी वाकून पाहत राहिली.
"थांब," ती म्हणाली, "अजून वाहतंय."